हिरडीवरचा बोजा



या सदरात आपण उसाची लागण, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण असे विषय घेत आलो. आजचा विषय शेताबाहेरचा आहे, पण प्रत्येक घरातला आहे. शेतीखात्याच्या माणसाने दातांवर आणि साखरेच्या आजारावर का बोलावे, असे कोणी विचारील. कीड वेळेवर ओळखा, असे मी तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. पण माझ्याच घरातली कीड मला वेळेवर ओळखता आली नाही. म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. तिचे वय चौसष्ट. पंधरा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. गोळी कधी चुकत नाही, चहा बिनसाखरेचा. तरी गेल्या वर्षी साखर काही केल्या उतरेना. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी रक्ताची तपासणी असते, तिचा आकडा साडेनऊ आला. डॉक्टरांनी औषध वाढवले. मी मात्र तिच्यावरच रागावलो. म्हटले, "आक्का, तू चोरून गोड खातेस." ती काही बोलली नाही.

भाऊबीजेला ती आली, तेव्हा तिचे ताट पाहिले. भाकरीला हात लावलेला नव्हता. मऊ भात तेवढा खाल्ला. संध्याकाळी चहात बुडवून चार टोस्ट खाल्ले. विचारले तर म्हणाली, "अरे, भाकरी चावतेय कुठं? दोन दात हलतात, हिरडीतनं रक्त येतं. वय झालं, दात पडायचेच." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीजवळ बसून ती मिसरी लावत होती. ही सवय लग्नाच्या आधीपासूनची.

तिला घेऊन तालुक्याला दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी हिरड्या तपासल्या आणि म्हणाले, "साखरेने हिरड्या बिघडवल्या आणि आता हिरड्या साखर उतरू देत नाहीत. मोटेच्या दोराला दोन्ही बाजूंनी पीळ बसलाय."

हा पीळ कसा बसतो, ते समजून घेऊ.

दाताच्या मुळाशी अन्नाचे कण आणि जंतू साचून थर बसतो. तो काढला नाही तर घट्ट होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटणाखाली जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला शरीर आपले शिपाई पाठवते. हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. ही लढाई वर्षानुवर्षे चालली, की दात धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. दुखत मात्र फारसे नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

रक्तात साखर जास्त असली, की ही सूज भडकते आणि जखम लवकर भरत नाही. उलट बाजूने, हिरडीतल्या सुजेतून निघणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. इन्शुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींना पोचवणारा पाटकरी. पाटात गाळ साठला, तर पाटकऱ्याने कितीही दारे उघडली तरी पाणी वाफ्यात जात नाही. हॅराल्ड लो या संशोधकांनी 1993 सालीच हिरडीच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते.

आता याच्याही खोलात शिरू. शास्त्रज्ञ म्हणतात, की हे दोन्ही रोग आपल्या पेशींवर खुणा करून ठेवतात. या खुणांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्या सातबाऱ्यासारखी आहे.

आई-बापांकडून आलेली जनुके म्हणजे सातबारा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा चढला, की जमीन तीच असूनही तिचे व्यवहार बदलतात. तसेच जनुकांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक शिक्के बसतात. शिक्क्याने जनुकातले अक्षर बदलत नाही. पण कोणते जनुक जागे राहायचे आणि कोणते झोपायचे, हे बदलते. मधमाश्यांचेच पाहा. राणी आणि कामकरी माशी एकाच जातीच्या अंड्यातून येतात. अळीला खाणे काय मिळाले, यावर ती राणी होणार की कामकरी, हे ठरते. 2008 साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांमधले हे शिक्के मारण्याचे काम रोखले, तर बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या.

अशाच बदललेल्या खुणा रोगी हिरडीतल्या सूज वाढवणाऱ्या जनुकांवर आढळल्या आहेत आणि मधुमेही माणसांच्या पेशींतही आढळल्या आहेत. दोन्ही रोगांची गाठ या सुजेच्या जागी पडते.

आणि बोजाची खरी गंमत तुम्हाला ठाऊकच आहे. कर्ज फिटले तरी फेरफार होईपर्यंत नोंद सातबाऱ्यावर राहते. साखरेचेही तसेच. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात लहान वयात होणाऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या 1441 रुग्णांवर मोठी पाहणी झाली. निम्म्यांची साखर कडक आटोक्यात ठेवली, निम्म्यांना त्या वेळचे नेहमीचे उपचार दिले. पुढे सर्वांनाच कडक उपचार सुचवले आणि दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही ज्यांची आधी वाढलेली होती, त्यांच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना पुढे कित्येक वर्षे जास्त इजा होत राहिली. 2016 साली त्याच रुग्णांच्या पेशी तपासल्या, तेव्हा काही शिक्के वर्षानुवर्षे टिकून असल्याचे दिसले.

हिरडीबाबत असाच एक प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला, तो उंदरांवरचा. हिरडीचा रोग झालेल्या उंदरांच्या हाडांतला मगज निरोगी उंदरांना दिला. या उंदरांना पुढे संधिवात घडवला, तेव्हा तो जास्त तीव्र झाला. म्हणजे हिरडीतल्या सुजेची खूण हाडाच्या मगजातल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचली होती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि संधिवात म्हणजे मधुमेह नव्हे. पण तोंडातली सूज तोंडातच राहत नाही, एवढे त्यातून कळते.

आता तुमच्या उपयोगाचे. हिरड्यांचा इलाज केला तर साखर उतरते का? 2022 साली 35 प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला. हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेही लोकांचा तो सरासरीचा आकडा तीन-चार महिन्यांत सुमारे 0.43 ने उतरलेला दिसला. दिसायला थोडा आहे, पण औषध न वाढवता मिळालेला आहे. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

1. हिरडीतून रक्त येणे, सूज, तोंडाला दुर्गंधी, दातांत फटी पडणे, दात हलणे ही रोगाची लक्षणे आहेत, वयाची नव्हेत. दुखण्याची वाट पाहू नये.

2. मधुमेह असलेल्याने दंतवैद्याकडून हिरड्या तपासून घ्याव्यात. आणि ज्याच्या हिरड्या वारंवार सुजतात, त्याने रक्तातली साखर तपासून घ्यावी. साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दंतवैद्य जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहेत का, याची चौकशी करावी.

3. कीटण काढल्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेला असतो, कीटण निघाल्यावर तो जाणवतो.

4. दंतवैद्याकडे जाताना मधुमेहाची आणि चालू औषधांची माहिती द्यावी. गोळी किंवा इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

5. सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासावेत. राख, विटेची पूड, कोळसा वापरू नये.

6. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत, हिरड्या खराब होतात. तंबाखू मळणाऱ्या बंधूंनी हसू नये, हाच नियम त्यांनाही आहे.

आक्काचे काय झाले, ते सांगतो. एक दात काढावा लागला. दुसरा टिकला. तीन खेपा करून कीटण काढले. मिसरी सुटायला दोन महिने लागले. डबी सुनेच्या हवाली केली, तेव्हा कुठे सुटली. आता ती पुन्हा ज्वारीची भाकरी चावून खाते आणि टोस्ट बंद झाले. चार महिन्यांनी तपासणी केली, तर आकडा साडेआठ आला. अजून उतरायला हवा. सगळे श्रेय दातांना नाही. भाकरीलाही आहे, गोळीलाही आहे.

बोजा एका दिवसात उतरत नाही. पण निदान नवा चढू देऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.

कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि म्हटले, "आक्का, चुकलो. तू गोड खात नव्हतीस." ती हसली आणि म्हणाली, "तू माझं तोंड बघितलंस, तेवढं पुरे."

आज रात्री जेवणे झाली, की आपल्या घरातल्या आई-आजीला, आक्काला एवढेच विचारा : भाकरी चावते ना?

पुढच्या खेपेला उन्हाळी भुईमुगाबद्दल.