आम्हाला गरुडाचे डोळे नकोत

गेल्या महिन्यात आमच्या मोठ्या गटात वादविवाद झाला. विषय होता, "जनुकांत बदल करून माणसाला प्राण्यांसारखी दृष्टी द्यावी का?" सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांनीच 'हो' म्हणून हात वर केले. कुणाला गरुडाचे डोळे हवे होते, कुणाला मांजराचे. तास संपला तेव्हा मोजकेच हात वर राहिले. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख.

वाचकहो, प्राण्यांच्या डोळ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड गरुडाची नजर आपल्या दुपटीहून तीक्ष्ण असते. डोळ्याच्या पडद्यावर सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा आपल्याला एकच असते, गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात अशा दोन असतात. मधमाशीला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांकडे चार प्रकारच्या. आणि मँटिस श्रिंप नावाचा कोळंबीसारखा एक समुद्री जीव आहे, त्याच्याकडे तब्बल १२ प्रकारच्या!

पण यांतले काहीच फुकट मिळालेले नाही. अंधारू लागले की गरुडाच्या नजरेची धार झपाट्याने बोथट होते. त्याचा डोळा खोबणीत फारसा फिरत नाही, म्हणून त्याला सारखी मान वळवावी लागते. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे त्याला अगदी कमी उजेडात दिसते. पण दिवसा त्याला आपल्यापेक्षा पुष्कळच धूसर दिसते. मँटिस श्रिंपची गोष्ट तर गमतीचीच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की जवळजवळचे दोन रंग वेगळे ओळखणे त्याला आपल्याइतकेही जमत नाही. म्हणजे पेशींचे प्रकार चौपट असूनही रंगांची पारख आपलीच बरी!

अतिनील किरणांचेही तसेच. आपल्या डोळ्यातले भिंग ते बरेचसे अडवते आणि मागच्या पडद्याचे रक्षण करते. ते दार उघडले तर पडद्याला इजा होण्याची भीती. उन्हाळ्यातली कामकरी मधमाशी काही आठवडेच जगते. आपल्याला मात्र हेच डोळे ऐंशी वर्षे पुरवायचे असतात. प्रत्येक डोळा त्या त्या प्राण्याच्या जगण्याला बेतून शिवलेला आहे. दुसऱ्याचा सदरा सुंदर असला तरी आपल्या अंगाला बसेलच असे नाही.

वादाला खरे वळण दिले ते आमच्या एका मित्राने. दोन वर्षांपूर्वी रंगांची नावे शिकताना तो हिरव्याला तपकिरी म्हणे आणि आम्ही हसत असू. त्याचे मराठी कच्चे आहे, असे आम्हाला वाटले. पुढे डोळ्यांच्या तपासणीत कळले की शब्द त्याला येतच होते, ते दोन रंगच त्याला वेगळे दिसत नव्हते. त्या हसण्याची आम्हाला आजही लाज वाटते. त्याच्यासारखे लोक काही थोडे नाहीत. युरोपीय वंशाच्या साधारण १२ पुरुषांत एक जण असा असतो, स्त्रियांत २०० मध्ये एक. लाल आणि हिरव्या रंगाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असते, म्हणून हा फरक.

२००९ साली अमेरिकेत नाइट्झ दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन रंगांध माकडांच्या डोळ्यांत माणसाचे एक जनुक सोडले. सुमारे पाच महिन्यांनी त्या माकडांना लाल-हिरवा भेद कळू लागला. हे ऐकून आम्ही मित्राला विचारले, "तुला असा उपचार मिळाला तर घेशील?" तो म्हणाला, "कदाचित घेईन. पण ते मी ठरवीन. माझ्या जन्माआधी दुसऱ्या कुणी ठरवलेले मला चालणार नाही."

आमच्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. विरुद्ध बाजूचे म्हणाले, "मग चष्मा आणि दुर्बीण तरी कशाला वापरता? तीही सुधारणाच!" मान्य आहे. पण चष्मा काढून ठेवता येतो. गर्भातच बदललेले जनुक काढता येत नाही, आणि ते पुढच्या पिढ्यांतही जाते. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञाने जनुके बदललेल्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. तो बदल डोळ्यांसाठी नव्हता, एड्सच्या विषाणूपासून बचावासाठी होता. २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींना मात्र कुणी काही विचारले नव्हते.

जनुकोपचाराला आमचा विरोध नाही, उलट त्याचे आम्हाला फार अप्रूप आहे. जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारावर, आरपीई६५ या जनुकातल्या दोषावर, डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत पहिला जनुकोपचार मंजूर झाला. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली! हा उपचार स्वस्त करणे हे मोठे काम नाही का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही त्रास आहे. त्यांतल्या किमान १०० कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा अजूनही दूर करता येण्यासारखा आहे. पुष्कळांना हवा आहे तो फक्त चष्मा, नाहीतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर एक डोळा मागणारे अजून रांगेत उभे आहेत आणि दोन धडके डोळे असणारे आपण तिसरा मागत आहोत. ही रांग आधी पुढे सरकू द्या. गरुडाचे डोळे गरुडालाच शोभतात. आपल्याला निदान शेजारी बसलेल्या मित्राची अडचण दिसली, तरी आत्ता पुष्कळ झाले.

— मोठा गट, रविवारची मराठी शाळा