वर्षभराच्या वाचनाचा जमाखर्च



मार्चअखेर आली की आम्हा कारकुनांना मोजदादीशिवाय दुसरे सुचत नाही. स्टोअरचा माल मोजून झाल्यावर यंदा मी वाचनाची वहीही काढली. पुस्तकाचे नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि किंमत, असे चार रकाने. वर्षात अकरा पुस्तके हाती घेतली, आठ पूर्ण झाली. चार सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर घेतलेली, बाकीची वाचनालयातून आणि मित्रांकडून. वेळ कोठून काढता, असे लोक विचारतात. पिंपरीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये! तळेगाव चौकात गाडी अडकली की दहा पाने सहज होतात. वाहतूक कोंडीचा एवढा एकच फायदा मला आजवर दिसला आहे.

घरात सर्वांनी वाचले ते बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या या बाई पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत, आणि आपले लिहिलेले वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवत. ते आधी ‘स्त्री’ मासिकात आले, मग १९८६ साली पुस्तक निघाले. आमच्या आईला अक्षरओळख नाही, म्हणून रविवारी दुपारी माझी मुलगी तिला वाचून दाखवी. सासुरवाशिणीचे हाल, बाळंतिणीची उपासमार ही पाने आली तेव्हा आई म्हणाली, “बास कर बाई, नगं वाचू.” पुढच्या रविवारी मात्र तीच आधी चटईवर येऊन बसली आणि आपल्या आत्याची हकिकत सांगू लागली. आम्ही तिच्या पोटची मुले, पण ती कधी ऐकली नव्हती. गावाच्या अन्यायाबरोबर घरातल्या पुरुषालाही हे पुस्तक जाब विचारते, म्हणून मला ते मोठे वाटते.

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) सौ.ने माझ्या आधी संपवले. कोकणात बांबूच्या सुपा-टोपल्यांना आयदान म्हणतात. लेखिकेची आई ती विणून मुलांना वाढवी. नोकरी आणि संसार सांभाळून एम.ए. होणाऱ्या बाईला घरात काय सोसावे लागते, ते त्यात लपवलेले नाही. “तुम्हीही वाचा,” एवढेच सौ. म्हणाली. तिच्या आवाजावरून काय ते समजलो.

पण वर्षाची खरी कमाई म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. बाबासाहेबांचा हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी सहाव्या खंडात तो आहे. हे खंड स्वस्त, पण मिळणे कठीण. छपाई रखडल्याची बातमी वाचून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. मला एका जुन्या कार्यकर्त्याने आपली प्रत दिली, कव्हर घालून परत करण्याच्या बोलीवर.

शब्दकोश मांडीवर घेऊन साडेतीन महिने लागले. बी.कॉम.ला केन्स यांचे नाव वाचले होते. त्याच केन्सचे मत बाबासाहेबांनी खोडून काढले, हे वर्गात कोणी सांगितले नव्हते. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची. सगळी मते आपल्याला मान्य नाहीत, असे गुरुजींनी तिथेच लिहिले आणि शिष्याने ते तसेच छापले. आपल्या सभांमधून असे किती वेळा घडते? असो.

रुपये पाडणे सरकारच्या मर्जीवर सोडले तर रुपयाची किंमत घसरते, म्हणून त्याला पक्की मर्यादा हवी, हे बाबासाहेबांचे म्हणणे. एवढ्यावर विषय रुक्षच वाटेल. पण रुपया उतरला की व्यापार वाढतो, देशाचे भले होते असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की भाव आधी वाढतात, मजुरी मागाहून आणि कमी वाढते. म्हणजे व्यापाऱ्याचा तो नफा मजुराच्या ताटातून निघतो.

हे मी बसमध्ये शेजारी बसणाऱ्या पोराला सांगितले. आय.टी.आय. फिटर, ठेकेदाराकडे कामाला. त्याने मोबाईलवर दोन वर्षांपूर्वीची आणि आताची पगारपावती काढली. पगार वाढला होता अकराशेने, खोलीभाडे पंधराशेने. “काका, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय?” म्हणाला आणि खंड मागितला. इंग्रजी त्याला जमेना, म्हणून मी महत्त्वाची पाने मराठीत उतरवून देतो.

अपुऱ्या तीन पुस्तकांपैकी दोन तशीच राहतील, कंटाळवाणी आहेत. तिसरा आहे दहावा खंड. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते पाहत, तेव्हाची भाषणे त्यात आहेत. बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांनीच मांडली होती. तो फिटर पोरगा सध्या बारा तासांची पाळी करतो. त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, “मग आमचे अठ्ठेचाळीस गेले कुठे?” या आठवड्यात तीच पाने उतरवायला घेतली आहेत. त्याच्या खोलीवरचे आणखी चौघे वाचणार आहेत, म्हणून अक्षर जरा मोठे काढतो आहे.