आधी पासंग पाहा
(द्वितीय वर्ष कला)

आकाशाची छायाचित्रे चांगली येत नाहीत ती महागडा कॅमेरा नसल्यामुळे, असा समज आम्हा मित्रमंडळींत रूढ आहे. तो मला मान्य नाही.

गेल्या हिवाळ्यात मागून आणलेला कॅमेरा मळ्यात तिवईवर ठेवून, 50 मिलिमीटरच्या भिंगाने, मृग नक्षत्रातील बाणाखालच्या तेजोमेघाची 6-6 सेकंदांची 64 छायाचित्रे मी घेतली. हा तेजोमेघ सुमारे 1300 प्रकाशवर्षे दूर. एका चित्रात तो जेमतेम दिसतो. म्हणून संगणकावर तारे जुळवून सर्व चित्रांची सरासरी काढतात. तेजोमेघ प्रत्येक चित्रात तोच असतो, चित्रातला खरखरीतपणा मात्र दरवेळी निराळा. म्हणून 64 चित्रांत तो एक-अष्टमांशावर येतो.

परंतु माझे चित्र बिघडले. आकाशभर काळे ठिपके, आणि कोपरे मधल्या भागापेक्षा उजळ! मी संगणकाला दोष दिला. शोध घेतल्यावर कळले, चूक माझीच. कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष टिपण्यासाठी भिंगाला टोपण लावून काळी चित्रे घ्यावी लागतात. तीही त्याच थंडीत, तितक्याच सेकंदांची, त्याच आयएसओवर. कंटाळा करून मी ती दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्याच्या खोलीत घेतली. उष्णतेने कॅमेऱ्याचा दोष वाढला आणि वजाबाकी प्रमाणाबाहेर झाली. कोपऱ्यांतला काळोख मोजण्यासाठी उजेडात पांढऱ्या कापडाचे चित्र घेतात. तेही मी भिंगाचे छिद्र जास्त उघडून घेतले होते.

वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. त्यांना हे सांगितले तेव्हा म्हणाले, "मग रिकामा तराजू आधी बघितला न्हाईस व्हय रं?" ज्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, त्यांनी पासंग अचूक ओळखला. मला लाजही वाटली आणि अभिमानही.

मित्रहो, शेकडो चित्रांच्या सरासरीने अधूनमधून येणारा दोष जातो. ठाण मांडून बसलेला जात नाही. चुकीची नोट साऱ्या वर्गाने उतरवली म्हणून ती बरोबर ठरत नाही, तसेच हे. म्हणून नव्या कॅमेऱ्याचे पैसे जमवण्याआधी हातातल्या कॅमेऱ्याचा दोष मोजावा. त्याला खर्च नाही, फक्त थंडीत आणखी थोडा वेळ उभे राहावे लागते.

यंदा मी 20 काळी चित्रे मळ्यातच, कुडकुडत घेतली. आलेले चित्र मुखपृष्ठावर छापण्याजोगे नाही. पण त्यात जे दिसते ते आकाशाचे आहे, माझ्या कॅमेऱ्याचे नाही, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो.