भिंतीवरची बंदूक

मालवण म्हटलं की लोकांना किल्ला, समुद्र आणि मासे आठवतात. बंदूक कुणाला आठवत नाही. पण किनारा सोडून सह्याद्रीच्या बाजूला आत जाऊ लागलं, की काही घरांच्या ओटीवर नाहीतर माजघरात खुंटीला टांगलेली बंदूक दिसते. कुठे एकनळी, कुठे दुनळी, जुन्या घरात आजोबांच्या वेळची ठासणीची. परवाना ‘शेती संरक्षणा’चा. आपण गटाच्या बैठकीसाठी वर्षानुवर्षं अशा घरांतून जातो. त्या बंदुकीखाली बसून चहा पितो, बचतीचा हिशोब करतो, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलतो. बंदुकीबद्दल मात्र एक अक्षर बोलत नाही. मीही कधी बोलले नव्हते. करोनाच्या काळाने बोलायला लावलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एसटी बंद, बाजार बंद, आमच्या बैठका बंद. मुंबईचे चाकरमानी मिळेल त्या वाटेने गावी येऊ लागले आणि शाळाशाळांतून त्यांचं विलगीकरण सुरू झालं. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर दिवस काढले, त्याच गावांना आता मुंबईची भीती वाटू लागली. त्या दिवसांत शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांशी माझं बरंच बोलणं झालं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. भाऊंना बंदुकीचं वेड आहे. तोंडाला फडकी बांधून, खळ्यात लांब लांब बसून आम्ही बोलत होतो आणि भाऊ मांडीवर बंदूक घेऊन ती तेलाने पुसत होते.

भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं. डुकरं एका रात्रीत भाताचं शेत लोळवून जातात, माकडं माडावरची कोवळी शहाळी खाली टाकतात, गवे वायंगणीत उतरतात. बंदूक नसेल तर शेतकऱ्याने करायचं काय? दुसरं, सगळीकडे काम सुटलेली माणसं फिरतायत, उद्या चोऱ्यामाऱ्या वाढल्या तर पोलीस येईपर्यंत घर कोण राखणार? अमेरिकेत बंदुकीच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगांचा व्हिडिओही त्यांनी मला मोबाईलवर दाखवला. तिसरं म्हणजे, एवढं सगळं बंद असताना बंदूक हातात घेतली, नेम धरला, की मन थाऱ्यावर येतं. सरकारवर त्यांचा रागही होता. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जित असली तरी तिसरी वर्षाच्या आत जमा करायची. शिवाय निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन द्यायच्या. “भितीक टांगलेली बंदूक कोणाक काय करता?” भाऊंनी मला विचारलं.

त्यांचं सगळंच म्हणणं उडवून लावावं असं नाही. शेतीच्या नुकसानीचा त्रास खोटा नाही. तो आपलाच त्रास आहे, कारण लावणी, बेणणी, कापणी आपण करतो. दिवसाची राखणही बाईच करते, डबे बडवून, ओरडून घसा बसवून. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले, तेव्हा केळी आणि माडांची झालेली नासधूस ज्यांनी पाहिली आहे, त्या भाऊंना हसणार नाहीत.

पण इथेच एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पिकाची नासाडी करणारा रानडुक्कर मारायचा तरी अधिकाऱ्याची परवानगी लागते. टाळेबंदीत मात्र रान मोकळं सापडलं. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने देशभरातल्या बातम्या तपासल्या. टाळेबंदीआधीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या ३५ घटनांची नोंद होती, टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत ती ८८ झाली. म्हणजे शेतीच्या नावावरची सगळीच बंदूक शेतातच वापरली जाते असं नाही. पुरुषांच्या रात्रीच्या पारधीला आपल्याकडे अजून मर्दुमकी समजतात. सकाळी मटण साफ करायला आणि वाटप लावायला मात्र बाई लागते.

भाऊंच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी जास्त विचार केला. घर राखायला बंदूक. पण राखायची कुणापासून?

त्याच काळात मला एका बाईचा फोन यायचा. ती विहिरीवर गेली की तेवढ्यात बोलायची, कारण घरात फोन नवऱ्याच्या हातात. नवरा मारकुटा म्हणून गावात प्रसिद्ध नव्हता. काम बंद पडलेलं, दारू मिळेनाशी झालेली, घरात मुंबईहून आलेला धाकटा दीर, पैशावरून रोजची धुसफूस. ती म्हणाली, “बार कधीच काढूक नाय. पण ते बंदूक पुसूक बसले, काय माका कळता, आज गप ऱ्हवाचा.”

हे वाक्य ऐकल्यावर मला भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भिंतीवरची बंदूक काय करते? ती घरातल्या बाईला गप्प बसवते. तिला गोळी लागत नाही, म्हणून जखम नाही, वैद्यकीय दाखला नाही, तक्रार नाही. आपल्या केंद्रात बाई आली की आपण विचारतो, मारतो का, कशाने मारतो, उपाशी ठेवतो का, घराबाहेर काढतो का. “घरात बंदूक आहे का?” हा प्रश्न आपल्या अर्जात तरी कुठे आहे? मी आमचा अर्ज काढून पाहिला. नव्हता.

टाळेबंदीत बायकांचं काय झालं याचे थोडेफार आकडे आपल्यापाशी आहेत. २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या पंचवीस दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या पंचवीस दिवसांत त्या १२३ होत्या. आयोगाला १० एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू करावा लागला, कारण बाईला घराबाहेर पडताच येत नव्हतं. ज्यांच्या हातात फोनच नाही त्या यात मोजलेल्या नाहीत. विहिरीवरून बोलणारी ती बाईही नाही.

आणि ज्या अमेरिकेतल्या रांगा भाऊ कौतुकाने दाखवत होते, तिथे पुढे काय झालं? २०२० साली त्या देशात बंदुकीने ४५,२२२ माणसं मेली. त्यातली निम्म्याहून अधिक, २४,२९२ माणसं, चोराच्या गोळीने मेली नाहीत. त्यांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली. मन थाऱ्यावर आणायला घेतलेली बंदूक मन बिघडलेल्या दिवशीही घरातच असते. काम गेलेला, कर्जात बुडालेला मुलगा घरात असताना भरलेली बंदूक हाताशी ठेवणं ही राखण नव्हे, हे मी भाऊंनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण काडतुसं त्यांनी वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवली हे पुढच्या खेपेला मला वहिनींकडून कळलं.

आता निवडणुकीचा मुद्दा. निवडणुकीत बंदुका का जमा करून घेतात? मतदाराला धाक बसू नये म्हणून. बंदूक झाडली नाही तरी तिची भीती वाटते, हे सरकारला पूर्ण मान्य आहे! निवडणूक आयोगाच्या सूचनांत तर कुणाच्या बंदुका प्रामुख्याने तपासायच्या तेही दिलेलं आहे: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले. म्हणजे पाच वर्षांतून एकदा मत देताना गावकऱ्यांना धाक वाटू नये याची काळजी घेतली जाते, आणि रोज त्या बंदुकीखाली स्वयंपाक करणाऱ्या बाईला धाक वाटतो का, हे कुणी विचारत नाही. बायकोला मारहाण केल्याची तक्रार त्या यादीत नाही.

परवाना देताना तरी विचारतात का? १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि बंदूक नीट बंदोबस्तात ठेवण्याची हमी घातली, ते चांगलंच झालं. पोलीस चौकशी होते. पण चौकशी होते ती अर्जदाराची. त्याच्या बायकोला, आईला, सुनेला वेगळं बसवून विचारा असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यातच २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. भाऊंना त्या दुरुस्तीतली दोन बंदुकांची अट टोचते, मला ही पाच वर्षं टोचतात. पाच वर्षांत एका घरात काय काय घडू शकतं, हे आपल्याला सांगायला नको.

बाकीच्या देशांनी यावर विचार केलेला आहे. कॅनडात परवान्याच्या अर्जावर सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी तिला कळवतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८च्या कायद्यात घरात शस्त्राची धमकी दिली असेल तर कोर्टाने शस्त्र जप्त करण्याचा आदेश द्यावा असं म्हटलं आहे. आणि बंदुकीला हक्क मानणाऱ्या अमेरिकेतसुद्धा जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला, की घरच्या माणसांना धोका असल्याचा कोर्टाचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला बंदूक ठेवू न देणारा कायदा योग्यच आहे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांत, मॅजिस्ट्रेटने लेखी सांगितल्यास हिंसाचारात वापरलेलं शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करणं हे संरक्षण अधिकाऱ्याच्या कामात धरलं आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. हे दोन कायदे दोन वेगळ्या टेबलांवर पडून आहेत. त्यांची गाठ आपणच घालून द्यायला हवी.

आमच्या काही मैत्रिणी म्हणतात, मग बायकांनीच परवाने का काढू नयेत? आपल्या मुलींच्या हातात बंदूक शोभत नाही असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, भारतातली ती पहिली महिला नेमबाज. तिच्याच गावच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. करोनाने टोकियोचं ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं, सरावाच्या जागा बंद पडल्या, तरी दोघींनी धीर सोडला नाही. राहीने जून २०२१ मध्ये क्रोएशियातल्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं आणि तेजस्विनी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरली. पण त्यांची बंदूक बघा. ती नियमात बांधलेली, तिच्यापुढे कागदाचं लक्ष्य, शेजारी प्रशिक्षक, काम संपलं की पेटीत बंद. ती कुणाला गप्प करत नाही. आणि शेती संरक्षणाच्या परवान्याचं म्हणाल, तर शेतीच आपल्या नावावर कुठे आहे? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीला तीस वर्षं उलटून गेली, तरी अजून किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव शोधावं लागतं! सातबारा आधी, बंदूक मागाहून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. शेतकऱ्यांच्या बंदुका सरसकट काढून घ्या असं मी म्हणत नाही. परवाना देताना आणि नवा करताना घरातल्या बाईला वेगळं विचारा, तेही महिला पोलिसांनी, शेजारी नवरा उभा नसताना. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आली, की निकालाची वाट न पाहता बंदूक जमा करून घ्या. निवडणुकीत घेता तशीच. आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर द्या, म्हणजे बंदूक हाच एक उपाय आहे असं म्हणायला कुणाला जागा राहणार नाही.

यातलं पहिलं काम मात्र सरकारचं नाही, आपलं आहे. आपल्या गटाच्या अर्जात एक ओळ वाढवा: घरात बंदूक आहे का? असल्यास ती कुठे टांगलेली असते, आणि ती खाली कधी काढली जाते? आम्ही ही ओळ घातली आहे. विचारायला सुरुवात केल्यावर बायका थोडा वेळ गप्प बसतात, आणि मग बोलू लागतात. तुमच्या भागात काय अनुभव येतो, ते आम्हाला जरूर कळवा.