जळूच्या चेतासंस्थेतले रक्षक आणि आपले कुतूहल

मेंदूतील प्रतिकारक पेशींविषयीच्या बातम्या आता वाचकांना नवीन नाहीत. मायक्रोग्लिया हा शब्द अल्झायमरच्या निमित्ताने वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला आहे. मात्र या बातम्यांत प्राणी बहुधा दोनच असतात : उंदीर आणि माणूस. हावड्यातील एखाद्या जुन्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, राहणारी जळू त्यांत कधी दिसत नाही. ती दिसायला हवी, असे माझे मत आहे.

ग्लिया या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. एकोणिसाव्या शतकात फिर्खो यांना या पेशी चेतापेशींना जोडून ठेवणारा लांबी वाटल्या आणि नाव तसेच पडले. १९१९ साली स्पॅनिश ऊतिशास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांतून मायक्रोग्लिया वेगळ्या ओळखल्या. इजा झाली की या पेशी रूप बदलतात, जखमेकडे सरकतात आणि मृत पेशींचे अवशेष गिळतात.

युरोपातील औषधी जळूच्या चेतारज्जूत नेमके असेच वर्तन आढळते. या रज्जूत डोके आणि शेपूट यांच्या दरम्यान २१ गुच्छिका असतात आणि प्रत्येकीत सुमारे ४०० चेतापेशी. रज्जू चिरडला की आसपासच्या मायक्रोग्लिया काही तासांत जखमेपाशी गोळा होतात. दुखावलेल्या ऊतीतून बाहेर पडणारा एटीपी त्यांना हलवतो. नायट्रिक ऑक्साइड त्यांना जखमेपाशी थांबवण्यास मदत करतो. फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी तर दाखवले की, या पेशी जीवाणूनाशक पेप्टाइडेही तयार करतात आणि तीच पेप्टाइडे तंतूंच्या पुनर्वाढीस हातभार लावतात. जळूचा तुटलेला चेतातंतू पुन्हा वाढून आपला जोडीदार शोधू शकतो. आपल्या मज्जारज्जूला हे साधत नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी यात एक सुंदर गणित आहे. पाण्यात एटीपीचा विसरण-गुणांक सेकंदाला सुमारे ३०० चौरस मायक्रॉन धरला, तर ०.३ मिलिमीटर अंतरावर संदेश पोहोचण्यास साधारण अडीच मिनिटे लागतात. अंतर तिप्पट केले की वेळ नऊपट होतो. मग दूरच्या पेशीला वेळेवर वर्दी कशी मिळते? जळूत उत्तराचा एक भाग असा की, ग्लिया पेशी स्वतःच आपल्या पटलातील इनेक्सिन प्रथिनांच्या मार्गिकांतून एटीपी सोडतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘किड्यांनाही आपल्यासारख्याच मायक्रोग्लिया असतात’ असे सरसकट लिहिणे चूक आहे. फळमाशीत स्वतंत्र मायक्रोग्लिया नाहीतच. तिथे तुटलेल्या तंतूंची सफाई वेष्टन घालणाऱ्या ग्लिया पेशी ड्रेपर नावाच्या ग्राहीच्या आधारे करतात. उंदरात मायक्रोग्लियांचा उगम भ्रूणाच्या पीतक-कोशात होतो. पाण्यावरची लाट आणि प्रकाशलहरी यांची समीकरणे सारखी दिसतात. म्हणून त्यांचे द्रव्य एक ठरत नाही. काम सारखे असणे आणि कूळ एक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्क्रांतीने हा रक्षक एकदाच घडवला की गरजेपोटी पुनःपुन्हा, हा प्रश्न म्हणूनच मोलाचा ठरतो आणि केवळ उंदीर पाहून तो सुटणार नाही.

जळू आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत जलौकांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सहा सविष आणि सहा निर्विष असे बारा प्रकार सांगितले आहेत. १९१६ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने भारतातील जळवांची नोंद ठेवली आहे. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी भारतीय जळूची आकृती काढून, नावे देऊन गुण मिळवले. गुच्छिका किती, हे पाठ झाले. गुच्छिकेत जखम झाली तर काय होते, हा प्रश्न वर्गात क्वचितच आला.

संशोधनप्रस्ताव लिहिणाऱ्या तरुणाला आज पहिल्यांदा विचारले जाते : याचा कोणत्या मानवी आजाराशी संबंध? प्रश्न गैर नाही; पण तोच एकमेव झाला, तर सगळे उंदराकडेच धावतील आणि महाग प्राणिगृह नसलेली महाविद्यालये शर्यतीआधीच बाद होतील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंधज्ञानावर काम उभे केले, तेव्हा आधार होता तो नेमक्या प्रश्नाचा आणि चिकाटीचा. त्याहीपूर्वी, १९१७ साली, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या संस्थेत वनस्पतींचे प्रतिसाद मोजण्यासाठी यंत्रे लावली होती.

जळूचा चेतारज्जू बशीत तासन्‌तास जिवंत राहतो. प्रतिदीप्त रंग, योग्य सूक्ष्मदर्शक आणि एखादा कॅमेरा असेल, तर पेशींची वाटचाल मोजता येते. भारतीय जातींवर असे मोजमाप पद्धतशीरपणे व्हावे, त्यासाठी लहान अनुदाने असावीत आणि भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांतील भिंतीला एक दार असावे. विद्यार्थ्यांनी मात्र अनुदानाची वाट पाहू नये. आकृतीला नावे देऊन झाली की शिक्षकांना विचारावे : येथे जखम झाली, तर प्रथम कोण धावते?