दाराशी अडलेली दुरुस्ती

यंत्र विकत घेणे सोपे असते. ते चालते ठेवणे अवघड असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी घसारा शिकतो. परंतु आपल्या सार्वजनिक संस्थांच्या अंदाजपत्रकात खरेदीला पैसा मिळतो, उद्घाटनाला मंत्री मिळतात आणि निगेसाठी मात्र ना तरतूद असते ना माणूस. कालव्यांचे आणि शाळांच्या छपरांचे जे झाले, तेच आज कचेरीतील संगणकांचे होत आहे. फरक इतकाच की, गळके छप्पर सर्वांना दिसते; संगणकाचे गळणे कोणालाच दिसत नाही.

हे गळणे कसे होते ते समजून घेतले पाहिजे. सॉफ्टवेअरमधील दोष वेळोवेळी उघडकीस येतात. त्यांवरील दुरुस्त्या, म्हणजेच अपडेट, निर्माता इंटरनेटवरून उपलब्ध करतो आणि संगणक त्या आपोआप उतरवून घेतो, अशी योजना असते. परंतु बँका, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी संगणक इंटरनेटला थेट जोडलेला नसतो. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर नावाचा द्वारपाल बसविलेला असतो आणि तो जाणाऱ्याला नाव व परवलीचा शब्द विचारतो. कर्मचारी ते सांगतो आणि त्याचे काम सुरू होते. अपडेट आणणारी सेवा मात्र बहुधा कोणा कर्मचाऱ्याच्या नावाने चालत नाही. ती यंत्रणेच्या स्वतःच्या खात्यावर पडद्याआड चालते. द्वारपालाने नाव विचारले की तिच्यापाशी उत्तर नसते. द्वारपाल ४०७ हा ओळख मागणारा संकेतांक परत धाडतो, सेवा काही वेळाने पुन्हा प्रयत्न करते आणि पुन्हा तेच उत्तर मिळते. इकडे कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सारे सुरळीत दिसत असते. महिनोन्‌महिने दुरुस्ती दाराशी अडून राहते आणि नोंदवहीतील ती त्रुटी कोणी वाचत नाही, कारण ती वाचणे हे कोणाचेच काम नसते.

दुरुस्ती न पोहोचण्याची किंमत किती असते, हे २०१७ साली ब्रिटनने अनुभवले. विंडोजमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, त्याच दोषातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या इंग्लंडमधील सुमारे एकतृतीयांश ट्रस्टना त्याची झळ बसली. रुग्णांच्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद झाली. प्रत्यक्ष आकडा १९ हजारांहून अधिक असावा, असा अंदाज ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नोंदविला गेला. दुरुस्ती न पोहोचण्याची कारणे तेथे अनेक होती आणि सारा दोष प्रॉक्सीच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु औषध तयार असूनही ते रोग्यापर्यंत नेण्याची जबाबदारी निश्चित नव्हती, हे सत्य उरतेच.

त्या प्रसंगातील आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. तो विषाणू आधी एका ठराविक संकेतस्थळाशी संपर्क साधून पाही आणि संपर्क झाल्यास थांबे. एका तरुण ब्रिटिश संशोधकाने ते नाव नोंदवून प्रसार रोखला. परंतु विषाणूला प्रॉक्सीतून मार्ग काढता येत नव्हता. त्यामुळे ज्या संस्था केवळ प्रॉक्सीमार्गेच बाहेर जात, त्यांना या उताऱ्याचा लाभ आपोआप मिळाला नाही. संरक्षणासाठी बसविलेल्या द्वारपालाने रोग आत असताना उतारा बाहेर थांबविला.

मग हा द्वारपाल हटवावा काय? मुळीच नाही. त्याच वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या हा विषाणू पसरला, तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मर्स्क समूहाला त्याची झळ बसली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. आपोआप येणारी प्रत्येक गोष्ट विश्वासार्ह असतेच असे नव्हे. तेव्हा दार हवेच. प्रश्न आहे तो दारावर जाणता आणि उत्तरदायी माणूस असण्याचा.

तांत्रिक उपाय अवघड नाहीत. संस्थेने स्वतःचा अपडेट सर्व्हर ठेवावा. दुरुस्ती त्यावर एकदा उतरवावी, तपासावी आणि आतील सर्व संगणकांना वाटावी. ते शक्य नसल्यास निर्मात्याच्या ठराविक पत्त्यांपुरती परवलीच्या शब्दाची अट शिथिल करावी. एखाद्या कारकुनाचे नाव व परवलीचा शब्द यंत्रात कायमचा लिहून ठेवण्याचा आडमार्ग मात्र घातक आहे. परवलीचा शब्द बदलताच सारे पुन्हा अडते आणि यंत्राने केलेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद त्या बिचाऱ्याच्या नावावर चढते.

खरा अडसर तंत्राचा नसून व्यवस्थेचा आहे. कर्मचारी काय पाहतो यावर नजर ठेवण्यासाठी द्वारपाल नेमायला व्यवस्थापनापाशी पैसा असतो. यंत्राची निगा राखणारे कायम पद मात्र अनावश्यक खर्च ठरते. ते काम कंत्राटदाराकडे सोपविले जाते, कंत्राट संपते, माणूस बदलतो आणि माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. संकट कोसळल्यावर खापर फुटते ते कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या डोक्यावर. ज्याच्या हाती अधिकार नव्हता त्याच्यावर जबाबदारी आणि ज्याच्या हाती अधिकार होता तो नामानिराळा, ही रीत श्रमिक चळवळीला नवी नाही.

म्हणून कर्मचारी संघटनांनी, जिल्हा परिषदांतील सदस्यांनी आणि विद्यापीठांच्या अधिसभेतील प्रतिनिधींनी तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत: प्रत्येक संगणकावर शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला पोहोचली? न पोहोचल्यास ते कोणाला कळते? आणि त्या कामासाठी नेमलेला कायम माणूस कोण? नागरिकांचे वेतन, निवृत्तिवेतन, शिधा आणि रुग्णालयातील नोंदी आज या यंत्रांवर अवलंबून आहेत. त्यांची निगा ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे मान्य करून घेतल्याशिवाय दाराशी अडलेली दुरुस्ती आत येणार नाही.