लिनक्स फुकट आहे, हे सांगणं थांबवा

व्यापाऱ्याला लिनक्स पटवून द्यायला निघालेला माणूस बहुधा पहिल्याच वाक्यात हरतो. "हे फुकट आहे," असं तो सांगतो. समोर हळदीचा अडत्या असो, हार्डवेअरवाला असो की औषधविक्रेता, उत्तर ठरलेलं असतं: "मग विंडोजचे तरी मी कुठं पैसे दिलेत?" बोलणं तिथंच संपतं.

आणि ते खरंच असतं. सांगली, मिरज, इचलकरंजीकडच्या बाजारपेठांत असेंबल केलेला संगणक विकत घेतला की विंडोज त्यात 'टाकून' मिळतं. पुढे यंत्र हळू झालं की दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो, काहीशे रुपये घेतो आणि जातो. परवान्याची किंमत या व्यवहारात कुठेच येत नाही. पाश्चात्त्य देशांत लिनक्सची तुलना विकतच्या विंडोजशी होते. आपल्याकडच्या लहान दुकानात ती चोरीच्या विंडोजशी होते. तिथे 'फुकट' हा मुद्दा लिनक्सच्या बाजूला राहतच नाही. उलट फुकटच द्यायचं तर ओळखीचं का नको, असा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब असतो आणि त्यात काही चूक नाही.

माझं म्हणणं असं की लहान व्यवसायांत लिनक्सचा प्रसार जोमाने व्हायला हवा, पण त्याची बाजू वेगळ्या पायावर उभी करायला हवी. त्यासाठी आधी आपल्याच बाजूचे दोन दावे मोडीत काढले पाहिजेत.

पहिला दावा, 'लिनक्सला व्हायरस लागत नाही'. हे खोटं आहे. लिनक्सवर चालणारे खंडणीखोर प्रोग्राम आहेत, आणि बँकेच्या नावाने आलेल्या बनावट दुव्यावर ओटीपी भरणाऱ्या माणसाला कोणतीही कार्यप्रणाली वाचवत नाही. खरं आहे ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे: लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या रूपांवर लागणारे प्रोग्राम एकाच विश्वासार्ह भांडारातून, डिजिटल सहीची खातरजमा होऊन येतात. सुरक्षा-दुरुस्त्या परवाना न विचारता येतात. रोजचं काम करणाऱ्याच्या हाती यंत्राचे सगळे अधिकार नसतात. आणि काहीही 'क्रॅक' करावं लागत नाही.

यातल्या शेवटच्या गोष्टीकडे व्यापाऱ्याचं लक्ष सर्वांत जास्त वेधायला हवं. विंडोज किंवा हिशेबाचा प्रोग्राम 'अॅक्टिव्हेट' करणारी छोटी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. म्हणजे मालक स्वतःच दार उघडून देतो. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाने ओळखली जाणारी खंडणीखोर प्रोग्रामांची जात मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरली. ती सगळ्या फाइली कुलूपबंद करते आणि सुमारे ९८० डॉलर मागते. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे. एवढ्या पैशांत नवा संगणक येतो. २०१७ सालच्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. आपल्याकडे 'टाकून दिलेल्या' प्रतींमध्ये अपडेट बंदच करून ठेवण्याची पद्धत आहे, कारण अपडेट आलं की अॅक्टिव्हेशन उडेल ही भीती.

शिवाय कायदा आहे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी किंवा व्यापारात वापर होत नसेल तर न्यायालयाला कैद न देण्याची मुभा आहे. दुकानाला ही सवलत लागू होत नाही. ही गोष्ट एकदा, शांतपणे सांगावी. धाक दाखवून लिनक्स खपवणाऱ्यांशी माझं पटत नाही. धाकाने बसवलेली गोष्ट धाक ओसरला की निघते.

दुसरा खोटा दावा, 'विंडोजवर चालतं ते सगळं लिनक्सवर चालतं'. चालत नाही. हिशेबाची टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. वाइन नावाच्या मधल्या थरावर ती ओढूनताणून चालवता येते, पण जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी ती अडली, तर तुमचा तत्त्वाग्रह व्यापाऱ्याच्या दंडाला उपयोगी पडणार नाही. औषधदुकानांत वापरले जाणारे बिलिंगचे प्रोग्राम बहुतेक विंडोजचेच आहेत. आधार पडताळणीसाठी अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रं वापरणाऱ्या सेवाकेंद्रांचीही तीच अडचण. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारा कोरलड्रॉ या आरेखनाच्या प्रोग्रामवर बसलेला असतो, त्याची वर्षानुवर्षांची कामं त्याच साच्यात असतात. अशा जागी लिनक्सचा आग्रह धरणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर प्रयोग करणं.

पण विरोधकही इथे एक उडी मारतात, आणि ती चुकीची आहे. 'टॅली चालत नाही, म्हणून दुकानात लिनक्स चालत नाही' असं ते म्हणतात. दुकानात संगणक किती असतात आणि त्यांवर काय चालतं, हे त्यांनी मोजलेलं नसतं. अडत दुकानात टॅलीचं यंत्र एक असतं, मुनीमजींपुढे. बाकीच्या यंत्रांवर जीएसटीचं संकेतस्थळ, ई-वे बिल, बँकेचं खातं, व्हॉट्सअॅप वेब, बाजारभाव, एखादं दरपत्रक आणि पत्रं एवढंच असतं. हे सगळं ब्राउझरमध्ये किंवा लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्राममध्ये होतं. स्वतःच्या एकट्याच्या नावावर धंदा असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीचं विवरणपत्र मोबाइलवरच्या ओटीपीने पक्कं करता येतं; कंपनी असेल तर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो आणि तो लिनक्सवर चालतो की नाही हे आधी पाहून घ्यावं लागतं. टॅलीच्या एका यंत्राला रीतसर विंडोज घ्यावं, परवाना भरावा, त्याचं इंटरनेट जेवढ्यास तेवढं ठेवावं. बाकीची यंत्रं लिनक्सवर न्यावीत. एका दुकानात दोन कार्यप्रणाली असण्यात कुणाचा पराभव नाही.

देशी पर्यायही आहेत. मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने जीएनयूखाता हा मुक्त हिशेबप्रणालीचा प्रकल्प उभा राहिला. मुंबईच्याच फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीएसटीसह कारखान्याचा पूर्ण कारभार सांभाळतं. मात्र किराणा दुकानदाराला ईआरपीनेक्स्ट सुचवू नये, ते त्याच्यासाठी फार मोठं आहे.

मराठीचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो उलटा आहे. 'लिनक्सवर आमचं मराठी चालत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या फाइली उघडून पाहिल्या तर त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या साच्यातल्या निघतात. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तिथे अक्षरांऐवजी खुणांचा गोंधळच दिसतो. दोष कार्यप्रणालीचा नसून त्या जुन्या संकेतांचा आहे. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालतं. इन्स्क्रिप्ट कळफलक भारत सरकारने १९८६ साली प्रमाण केला, तो दोन्हीकडे सारखाच आहे; रोमन अक्षरांत टंकणाऱ्यांसाठी गमभन आणि मिंग्लिशच्या पद्धती आहेत. लोहित हे देवनागरी फॉन्ट रेड हॅट या लिनक्स-कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मराठी मेनूसह मिळतात, आणि ते भाषांतर आपल्याच माणसांनी रात्री जागून केलेलं आहे. दुकानाचा मालक पावतीवर मराठी छापतो, पण संगणकाचा मेनू इंग्रजीच असायचा असं धरून चालतो. त्याला तो मेनू मराठीत दाखवा. मी तरी प्रसाराची सुरुवात इथूनच करतो.

प्रिंटरची तक्रार मात्र खरी आहे आणि ती यंत्रागणिक वेगळी आहे. एचपी स्वतःच लिनक्ससाठी ड्रायव्हर देते, तिचे बहुतेक प्रिंटर सहज लागतात. बिलं छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञा समजतात, त्यांचंही जमतं. बारकोड वाचणारं यंत्र संगणकाला कळफलकासारखंच दिसतं, त्याला काहीच लागत नाही. पण आपल्या बाजारात जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० नव्या लिनक्सवर जाणकारालाही दमवतो. दुकानात पाऊल टाकल्यावर पहिली नजर प्रिंटरवर जायला हवी.

म्युनिकचा दाखला विरोधक हमखास देतात. त्या शहराने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार यंत्रं नेली आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. मुक्त प्रणालीचे समर्थक याला केवळ राजकारण म्हणतात, तेही अर्धंच खरं. खास कामांचे विंडोजवरचे प्रोग्राम तिथे उरलेच होते, आणि संगणकांचा कारभार अनेक खात्यांत विखुरलेला होता. पण म्युनिकचं नाव घेणाऱ्यांनी फ्रान्सच्या जांदार्मरीचंही घ्यावं. या पोलीस दलाने २००५ साली आधी ऑफिसचा प्रोग्राम बदलला, मग ब्राउझर, मग ईमेल. हे सगळं विंडोजवरच राहून. माणसांच्या हाताला नव्या गोष्टी सरावल्यावर २००८ पासून उबुंटू आणलं. आज तिथे ७० हजारांहून अधिक यंत्रं त्यावर चालतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे उत्साही कार्यकर्ते नेमके उलट्या क्रमाने जातात: एका रविवारी विंडोज पुसतात आणि सोमवारी मुनीमजींना एक्सेल सापडत नाही. त्या सोमवारी ते दुकान लिनक्सपासून कायमचं दुरावतं. आधी चालू विंडोजवर फायरफॉक्स आणि लिबरऑफिस द्या, दरपत्रकं त्यात बनू द्या, काही महिने जाऊ द्या. तोवर कोणती फाइल बिघडते, कोणतं मॅक्रो चालत नाही, हे आपोआप कळतं.

हे सगळं आत्ताच का करायचं, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ ला आली, आणि आपल्या दुकानांतली कितीतरी यंत्रं त्याआधीची आहेत. धडधाकट चालणारी. व्यवसायांना पैसे भरून आणखी तीन वर्षं दुरुस्त्या घेता येतात, पण तो दर दरवर्षी दुप्पट होतो. व्यापाऱ्यापुढे मग तीन वाटा राहतात: चालतं यंत्र भंगारात देऊन नवं घेणं, दुरुस्त्या नसलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करत राहणं, किंवा त्याच यंत्रावर लिनक्स मिंट घालणं. मिंटला चार जीबी मेमरी पुरते आणि तिच्या २२व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. हा हिशेब व्यापाऱ्याला लगेच कळतो, कारण तो त्याच्या स्वतःच्या वस्तूच्या आयुष्याचा आहे.

आता 'बिघडलं तर बघणार कोण' हा आक्षेप. या एका आक्षेपापुढे बाकीचे किरकोळ आहेत. व्यापारी विंडोजवर विश्वास ठेवत नाही. तो फोन केल्यावर अर्ध्या तासात येणाऱ्या मुलावर ठेवतो. त्या मुलाला लिनक्स येत नसेल तर तुमचे सगळे युक्तिवाद वाया. म्हणून लिनक्सच्या प्रचारकाने व्यापाऱ्याकडे जाण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जावं. त्याची मिळकत फॉरमॅटवर आहे आणि फॉरमॅट न लागणारी प्रणाली त्याला नको असणार, हे मान्य करून त्याच्यापुढे वेगळी मिळकत ठेवावी: वर्षाचं देखभालीचं कंत्राट. महिन्याला एक भेट, बॅकअपची तपासणी, अपडेट, नव्या माणसाला शिकवणं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यात सेवेचे पैसे घ्यायला कसलीही बंदी नाही. मुक्त प्रणालीच्या सेवेवर उभी राहिलेली रेड हॅट आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलरला घेतली. गावातल्या दुरुस्तीवाल्याने वर्षाचे काही हजार मागायला संकोचण्याचं कारण नाही. आणि हा पैसा गावातच फिरतो, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. केरळने सरकारी शाळांत मुलांना लिनक्सवर शिकवून अशी माणसं गावोगाव तयार केली. आपल्याला ती आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून घडवावी लागतील, तोवर चार दुरुस्तीवाल्यांना एकत्र बसवून शिकवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

देखभालीचा कागद साध्या मराठीत असावा. कोणतं यंत्र कशावर चालेल, बॅकअप कोणत्या डिस्कवर आणि किती दिवसांनी, फोन आल्यावर किती वेळात यायचं, पासवर्ड मालकाकडे कसा राहील, कंत्राट संपलं तर दुसऱ्या कुणाला काम कसं सोपवायचं. दरपत्रकं आणि पत्रं ओडीएफमध्ये ठेवली जातील, म्हणजे २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण असलेल्या साच्यात, जेणेकरून मालक उद्या विंडोजवर परत गेला तरी त्याच्या फाइली त्याच्या हातात राहतील. आणि टॅलीच्या यंत्राला मुनीमजींना विचारल्याशिवाय हात लावणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून द्यावं.